कॉलीनचं नाव

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या मातृदुग्धपेढीत मी दूध द्यायला रांगेत उभी होते. लेक खांद्यावर झोपली होती, खिडकीबाहेर धुकं रेंगाळत होतं. काउंटरमागे नर्स रॉझलिन आणि लॅपटॉप घेऊन बसलेला डेसमंड हळू आवाजात बोलत होते.

“यादीत कॉलीनचं नावच दिसत नाही रे. नाव नसलं तर तिच्या सगळ्या बाटल्या फेकाव्या लागतील.”

“तिच्या बाळाची नोंद कुणी पुसली का?”

“मीच. गेलं ना तिचं बाळ. तरी ती दूध आणून देते.”

“अगं, मग तिथेच गडबड झालीय. पायथन प्रोग्राममध्ये आईचा तक्ता बाळाच्या तक्त्याला जोडताना मी लिहिलंय, बाळ पुसलं की आईही पुसायची.”

“शहाणाच आहेस! का पण?”

“बाळ नसताना कोण आई इथे येईल, असं वाटलं.”

“येते ना ती. दर मंगळवारी.”

“काढला तो नियम. कालच्या राखीव प्रतीतून तिचं नाव परत आणतो. हे बघ, आलं यादीत.”

“आणि बाळ?”

“त्याची आता गरज नाही, रॉझलिन.”

“तेही आण. गेल्याची तारीख लिही हवी तर, पण पुसू नकोस.”

“मग ते कायमचं राहील तिच्या नावापुढे.”

“राहू दे.”