नत्थुजीचा अंगठा

(अमरावती. कापूसबाजारामागं तोलारी नत्थुजीची ओसरी. वैशाखातली दुपार, दाराशी रिकामी घागर.)

पार्बताबाई : मंग मोजा नं! तुमी बाटले तवा काय काय भेटनार होतं, अन् भेटलं काय? एक कोट. अकोल्याच्या पाद्री साहेबाचा उतरेल, बाही दंडात अडकते. एक पुस्तक. त्यातलं अर्धं तुमाले वाचता येत नाई, अन् अर्धं माह्याच्यानं आयकवत नाई. अन् बाजारात नवं नाव, साहेबाचा जावाई.

नत्थुजी : भेटाव म्हनून गेलो नवतो मी.

पार्बताबाई : हे तं अजूनच वाईट. भेटाव म्हनून गेले असते, तं मानूस हुशार हाये असं तरी कोनी म्हनलं असतं.

नत्थुजी : अकरा वर्सं, पार्बते. अकरा वर्सं शेठच्या काट्यावर कास्तकाराचा कापूस तोलताना दांडीले अंगठा लावला मी. झोपेतबी अंगठा दाबल्यावानी वाटे.

पार्बताबाई : तं काढाचा होता गुपचूप! भर बाजारात गाडीवर उभं राहून सांगाची काय गरज होती? म्हने, लोकहो, मी अंगठा लावत होतो, मले माफ करा. केलं कोनी माफ?

नत्थुजी : सूर्यभान पाटलानं जोडा मारला.

पार्बताबाई : एकच?

नत्थुजी : दोन.

पार्बताबाई : अन् तो पाटील कुठचा साधू लागून गेला? कापूस बाजारात आनाच्या आंधी त्याच्यावर पानी शिपडते, वजन वाढाव म्हनून. साऱ्या अमरावतीले ठाऊक. शेठचा अंगठा अन् पाटलाचं पानी, दोन्ही बराबर होत होतं, बाजार सुखानं चालू होता. तुमी अंगठा काढला, अन् वरून पाटलाचा वल्ला कापूसबी बाजूले काढला. शेठनं हाकललं, पाटलानं हानलं. दोन्हीकडून मार खाले बी अक्कल लागते, बाप्पा!

पंत : नत्थू आहे का घरात?

पार्बताबाई : हाये नं. जाईन कुठी? अवो पाहा, चिंतामणपंत आले! शेठचे मुनीम, आमच्या ओसरीवर. दसऱ्यापासून हा पयला पाहुना. पंत, पानी देलं असतं, पन आमच्या हातचं तुमी पयलेबी पेत नवते, अन् आता घागरीत हायेबी नाई.

पंत : असू द्या बाई, मी उभाच बरा. नत्थू, शेठनी तुला बोलावलंय. काट्यावर.

नत्थुजी : त्याइनंच तं काढलं मले.

पंत : काढलं, कारण तेव्हा तू वेडा झालास असं वाटलं. तुझी किंमत आता कळली. तू गेल्यापासून शेतकरी नव्या तोलाऱ्याच्या हातावरची नजर हटवत नाहीत. म्हणतात, नत्थुजी असता तर डोळे मिटून माल दिला असता. आणि असं म्हणणारा पहिला कोण? तुझा तो सूर्यभान पाटील.

नत्थुजी : पाटील म्हनते? खरंच?

पंत : रोज म्हणतो. शिवाय मुंबईहून बातमी आहे की अमेरिकेतली लढाई विझत आली, म्हणजे कापसाचा भाव कोसळणार. दोन-तीन वर्षं लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, आता ती उतरवायची वेळ येईल. शेठना सगळ्या घोळातनं सुखरूप बाहेर पडायचंय. तुझ्याशिवाय ते जमत नाही.

नत्थुजी : सरळ तोलाचं असन तं उद्या उजाडाच्या आंधी येतो.

पंत : अरे, सरळ तोलायला तुझी काय गरज? ते कुणीही करील. तू येशूचं नाव घेऊन भर बाजारात रडलास, जोडे खाल्लेस. आता तुझ्या अंगठ्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. अकरा वर्षांत नव्हता, एवढा तुझा अंगठा आज मोलाचा झालाय.

पार्बताबाई : अवो माय! म्हंजे ह्याइच्या देवालेबी शेठनं दांडीवर बसवलं.

पंत : बाई, तुमच्याही फायद्याचं सांगतो. तुमची विहीर बंद करणाऱ्या पंचांशी शेठ बोललेत. हा काट्यावर बसला, की त्याच संध्याकाळी तुमचा पोहरा विहिरीत. आणि नत्थू, धर्म तुझ्यापाशी ठेव. रविवारी हवी तेवढी गाणी म्हण. शेठची काही हरकत नाही.

नत्थुजी : लय मोठं मन हाय शेठचं.

पंत : मग काय सांगू?

नत्थुजी : पंत, खरं सांगू का? या सात महिन्यात कितीकदा वाटलं, चुकलो. रोज गुडघे टेकतो, वरून काई आवाज येत नाई. पाद्री साहेब महिन्यातून एकडाव येते, म्हनते धीर धर.

पार्बताबाई : धीर नाल्यातून वाहून आना लागत नाई त्याइले.

नत्थुजी : पन अंगठा पुन्हा ठेवला, तं मंग माह्यापाशी उरते काय? हा कोट? नाई येत म्हना शेठले.

पंत : पुन्हा बोलावणं येणार नाही.

नत्थुजी : बरं.

पंत : निदान बायकोला तरी विचार! बाई, तुम्ही समजवा या मूर्खाला.

पार्बताबाई : पंत, तुमी निंगा. ह्या मानसाले मूर्ख म्हनाचा हक माहा हाये. तुमाले कोनी देला?

पंत : सारखेच आहात दोघं. येतो.

पार्बताबाई : गेले एकदाचे. झालं समाधान? लय झकास बोलले तुमी, साहेब असता तं टाया वाजवल्या असत्या. आता माहं मोजनं आयका. शेठचं काय गेलं? काई नाई, त्याले दुसरा अंगठा भेटन. पाटलाचा जोडा साबूत. साहेबाचा कोट तं फेकाचाच होता. तुमचं काम गेलं, खरं. पन तुमी तं खुशीनं सोडलं. अन् इहीर कोनाची बंद झाली? माही. मी कुठी बाटली? माह्या डोक्यावर त्या साहेबानं चुळभर पानीबी टाकलं नाई, अन् दोन घागरी रोज मीच वाहून राहिली, नाल्यातला झिरा उकरू उकरू! बोला नं आता. पंतासमोर तं लय तोंड फुटलं होतं.

नत्थुजी : घागर दे इकडं.

पार्बताबाई : काहून?

नत्थुजी : मी आनतो पानी.

पार्बताबाई : तुमी? बाजाराच्या मधातून? बायकाइवानी डोक्यावर घागर घेऊन? जोडे परवडले म्हनान. पाटील, पंत, सारे दुकानाबाहेर येऊन दात काढतीन.

नत्थुजी : काढू दे. मले वाटे, सारं मीच सोसून राहिलो. रोज त्याच गोष्टीसाठी रडत होतो देवापाशी.

पार्बताबाई : लवकर दिसलं.

नत्थुजी : झिरा कोन्या बाजूनं हाये?

पार्बताबाई : सात महिने पानी पेले अन् वाट ठाऊक नाई! मसनाच्या मांगून, बाभयीखाली. हाताची वंजय खाली न टेकवता भरा, नाईतं गाऱ्याचं पानी येईन.

नत्थुजी : जातो मंग.

पार्बताबाई : थांबा. तो कोट काढून ठेवा, घामानं चिकटन. अन् ही चुंबळ घ्या डोक्यावर. पयल्या दिवशी मान लय दुखते.