सरनोबतांच्या दारावरची चाळण

रविवार, तीस जून. दुपारचे साडेचार. तिकडे जपानात, योकोहामाला, पंचांची शिट्टी वाजली. वर्ल्ड कपची फायनल, ब्राझील विरुद्ध जर्मनी! आणि इकडे कोल्हापुरात, आपल्या तालमीच्या ओसरीवर टेबल, टेबलावर स्टूल आणि स्टुलावर टीव्ही. समोरचा रस्ता बंद. पोलिसांनी नाही केला — आपणच केला!

काय हसताय? श्रावणी शनिवार, मारुतीरायाचं देऊळ, बुवांच्या गळ्यात हार, आणि आख्यान फुटबॉलचं? हो, फुटबॉलचं! दोन महिने झाले, ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्याही जात नाही, मला ठाऊक आहे.

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न घ्या. माणसाच्या हातून चूक होते. आपण विचारतो, का झाली? तो म्हणतो, ताप होता. आपण म्हणतो, असू दे. तो म्हणतो, रस्ता निसरडा होता. असू दे! कारण सापडलं की आपलं मन मोठं होतं. पण ज्या चुकीला काही कारणच नाही — झाली, एवढंच — तिचं काय करायचं? ती कुणी पोटात घालायची? या मारुतीरायानं समुद्रावरून उडी मारली. समजा, नुसतं समजा हं — ती चार हात कमी पडली असती! तर आज हे देऊळ असतं का? तुम्ही तेल वाहायला आला असता का? छातीवर हात ठेवून सांगा!

राहू दे, आरामात बसा. उत्तर शेवटी घेऊ.

तर मी कुणाच्या बाजूचा? ब्राझीलचा! हे उपरणं आज पांढरं आहे, त्या दिवशी हळदीत बुडवून पिवळं केलं होतं. घरच्या मंडळींनी आठवडाभर बोलून घेतलं. पेटीवाले, हसू नका, तुम्हीही हिरवी टोपी घालून बसला होता! अर्धी पेठ ब्राझीलची. बाकीची आधीच हरून घरी गेलेल्या संघांची, म्हणजे त्या दिवसापुरती ब्राझीलचीच! जर्मनीच्या बाजूनं माणसं मोजून अकरा. आणि त्यांचे पुढारी — आपले वस्ताद. गणपतराव इंगवले. वीस वर्षं तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवणारे.

वस्तादांना जर्मनी का आवडावी? त्यांच्या गोलीमुळे, म्हणजे गोलकीपरमुळे! "सहा मॅचमधी एक गोल खाल्लाय गड्यानं," वस्ताद म्हणत, "एक! भिंत हाय भिंत!"

आता इथं जरा थांबू. कारण टीव्हीतल्या या भिंतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक दार होतं. त्या दाराची गोष्ट सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही.

ते दार तानाजी सरनोबतचं. वय सत्तावीस. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, आणि सात वर्षं आपल्या संघाचा गोली. एप्रिलमध्ये आपली फायनल झाली. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, गोल शून्य-शून्य. चाळीस यार्डांवरून एक बॉल आला. बॉल कसला — आजोबा संध्याकाळी फिरायला निघावेत, तसा टप्पे घेत आला! तानाजी खाली वाकला, बॉल छातीशी घेतला — आणि बॉल हातातून सुटला, दोन पायांमधून मागं गेला. गोल. मॅच गेली, कप गेला.

आता आपल्या पेठेची रीत. नव्या सुनांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गोलीच्या हातून सोपा बॉल सुटला, की त्याच्या दाराच्या चौकटीला पिठाची चाळण टांगायची. अर्थ सांगायला नको, सगळं आरपार! आणि रीत पुरी आहे हं — ज्यानं टांगली त्यानंच ती काढायची, आणि पुढची मॅच जिंकल्यावर, हातात पेढे घेऊन. चाळण टांगली की घरचे हसायचे, गोलीही हसायचा. आठ दिवसांत दुसरी मॅच, पेढे, चाळण खाली. इतकी वर्षं असंच चाललं.

पण मंडळी, आपण एक गोष्ट विसरलो. ती मॅच हंगामातली शेवटची होती! पुढची मॅच थेट हिवाळ्यात. आपण चाळण टांगली आणि सुट्टीवर गेलो! एप्रिल गेला, मे गेला. चाळण तिथंच. वळवाचा पाऊस तिच्यातून गळला, गंज धरला. पोस्टमन विचारू लागला, "सरनोबत म्हणजे ते चाळणीचं घर काय?" नवा दूधवाला वहीत नाव लिहीना, चाळणीचं चित्र काढी! आणि तानाजीची आई, सोनाक्का — पाण्याची घागर घेऊन दिवसातून चार वेळा त्या चाळणीखालून वाकून आत जायची. थट्टेला मुदत असते हो. मुदत संपली की तिचं काय होतं, ते त्या बाईला विचारा.

तानाजी तालमीत यायचा बंद झाला. कामावर जायचा, घरी यायचा.

चला, परत टीव्हीसमोर! हाफ टाइम झाला. शून्य-शून्य. वस्ताद खुशीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय बुवा, देवाला सांगून ठेवलंय न्हवं?"

मी म्हणालो, "वस्ताद, देवाला खेळ कळतो. तो ब्राझीलचाच आहे!"

आणि सहाला आठ मिनिटं कमी असताना — ऐका — ब्राझीलच्या एका गड्यानं वीसेक यार्डांवरून जमिनीलगत बॉल मारला. सरळ गोलीच्या अंगावर. असले बॉल एरवी त्यानं झोपेतही धरले असते. वाकला, हात लावला — आणि बॉल सुटला! समोर ब्राझीलचा दुसरा उभाच. टच केला, गोल!

रस्ता उसळला! मी उपरणं काढून फिरवलं! पिंपावर चढलेला आमचा दिनकर पानवाला ओरडला, "चाळण! जर्मनीला चाळण पाठवा रं! पार्सल करा!" सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

वस्ताद उठले. दिनकरवर ओरडले, "गप लगा! दात काढतोयस! पाऊस पडालाय तिथं, दिसत न्हाई तुला? बॉल साबणागत झालाय. आन् मगाशी हात दुखावलाय त्याचा, बोटं धरून उभा होता, बघितलं न्हाईस? सहा मॅच एकट्यानं वढून आणल्या. एका बॉलवरनं माणूस मोजतोस व्हय?"

बोटाचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरातही आलं. वस्तादांची नजर पक्की. पण त्या वेळी रस्त्याच्या पलीकडून आवाज आला.

"वस्ताद."

सोनाक्का उंबऱ्यावर उभी होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं, पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत ओसरीपाशी आली. कुणी टीव्हीचा आवाज कमी केला, मला आठवत नाही. पण केला.

"वस्ताद, त्या लांबच्या माणसाचं बोट दिसलं व्हय तुम्हाला हितनं?"

"आक्का, त्याचं तसं न्हाई—"

"मला बोलू द्या. माझ्या लेकाचं बोट दुखत नव्हतं. त्या दिवशी पाऊस बी नव्हता. ताप न्हाई, काय न्हाई. सकाळी दोन भाकरी खाऊन गेला. त्याच्या हातनं सुटला. एवढंच. सांगायला त्याच्याकडं काय बी न्हाई." तिनं चाळणीकडं हात केला. "मग त्याला काय करायचं, वस्ताद? कारण न्हाई म्हणून टाकून द्यायचा?"

मंडळी, हजार माणूस होतं. टीव्हीवर ब्राझीलनं दुसरा गोल केला, सहा वाजून चार मिनिटांनी. माझा संघ जगज्जेता होत होता! आणि मी बघत होतो वस्तादांकडं.

वस्तादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "आक्का, चुकलो मी." आणि सरळ तुमच्या दाराकडं — हो आक्का, तुम्ही मागं खांबाशी बसला आहात, मी बघितलंय — तुमच्या दाराकडं निघाले. साठीचा माणूस, चौकटीवर हात पोचेना. खुर्ची मागवली. खुर्चीवर चढले. इतक्यात आतून तानाजी बाहेर आला.

"वस्ताद, तुम्ही टांगली व्हती?"

"न्हाई रं."

"मग हात लावू नका."

"अरे, वस्ताद हाय मी तुझा!"

"म्हणूनच सांगालोय. खाली या, पडाल." त्यानं हात देऊन वस्तादांना उतरवलं. मग गर्दीकडं वळला. आवाज चढवला नाही. "ज्यानं टांगली त्यानं काढावी. पेढे नकोत. भांडण बी नको. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय. उद्या मी गोलात उभा ऱ्हाणार, तवा माझ्या मागं, जाळीच्या पल्याड, तुम्हीच असणार. पाठीमागं कोण उभा हाय, ते मला ठाऊक पायजे. तवर मी मैदानात उतरत न्हाई."

कुणी पुढं आलं? नाही! सगळे एकमेकांकडं बघतात. दिनकर म्हणतो, मी नव्हे. अमका म्हणतो, मी गावात नव्हतो. बघता बघता एप्रिल महिन्यात सगळी पेठ परगावी गेली होती, असं निघालं! चाळण काय आपली आपण चढली?

मॅच संपली. ब्राझील दोन, जर्मनी शून्य. टीव्हीवर दिसलं — तो जर्मन गोली गोलच्या खांबाला टेकून बसलाय. एकटा. आणि त्या स्पर्धेतला सर्वांत उत्तम खेळाडू म्हणून निवड कुणाची झाली? त्याचीच! जगानं त्याचा सुटलेला बॉलही बघितला आणि धरलेलेही मोजले. आणि आपण? सात वर्षांत तानाजीनं धरलेले किती, कुणी सांगेल? नाही सांगता येणार. सुटलेला मात्र मिनिटासकट पाठ! मलाही पाठ आहे — मघाशी मीच सांगितला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, गळ्यात हार घालून उपदेश करणं सोपं आहे. तुम्ही काय केलंत?

सांगतो. त्या एप्रिलात, संध्याकाळी सव्वासातला, सरनोबतांच्या चौकटीला चाळण बांधली गेली, तेव्हा शिडी मी धरली होती.

हो, मी! या देवळात नऊ वर्षं कीर्तन करणारा. गाठ पक्की मार, असंही मीच म्हणालो. शुक्रवारी, म्हणजे काल, मी तानाजीकडं गेलो. सांगितलं. दोन महिने लागले मला तो रस्ता ओलांडायला. रुंदी आहे अठरा फूट! त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं केलंसा, बुवा. माझ्या पाठीमागचा एक कळला. पण शिडीवर कोण व्हतं?"

मी म्हणालो, "ते मी सांगायचं नाही. त्यानं सांगायचं."

मंडळी, तो इथं बसला आहे. मी कुणाकडं बघत नाही — हे बघा, समईकडं बघतोय! खेळाडूंच्या नोंदणीचा कागद वस्तादांच्या खिशात आहे. सोमवारी दुपारी बाराला मुदत संपते. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या, गोलीची जागा कोरी आहे. दुसरा गोली आपल्याकडं नाही. पण तेवढ्यासाठी जाऊ नका! कप मिळावा म्हणून गेलात, तर तानाजीला कळेल. तो डोळ्यांत बघतो, सात वर्षं समोरून पळत येणाऱ्यांच्या डोळ्यांतच बघत आलाय. जायचं असेल, तर त्या बाईनं विचारलेल्या प्रश्नासाठी जा. आणि बाकीच्यांनो, तुम्ही सुटला असं समजू नका! तुमच्या ओळखीत एक तरी माणूस असेल, ज्याच्या चुकीचं तुम्ही अजून कारण मागत बसला आहात. त्याच्याकडं कारण नसेल हो! मग काय जन्मभर दाराबाहेर उभा करणार?

शिडी तालमीच्या मागं आहे. कुलूप नाही. धरायला माणूस हवा असेल, तर मी आहे.

आता शेवटचं, जे मला खात्रीनं ठाऊक आहे तेवढंच. आज कीर्तनाला येताना, सहा वाजून दहा मिनिटांनी, मी त्या दारावरून आलो; चाळण अजून तिथंच आहे. तानाजी उंबऱ्यावर बसला होता आणि फुटबॉलच्या बुटांतून जुन्या नाड्या ओढून काढत होता. नव्या घालायला, की बूट कुणाला देऊन टाकायला — ते मी विचारलं नाही.