गंगव्वाचा रंगीत फोटो

मी मैंदर्गीचा. आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत न्हाईत, भिंतीला टेकवून बसवतात, इभूत लावतात, फुलांनी मढवतात आणि तसंच बसवून पुरतात, आणि न्यायच्या आधी घरचे म्हणायचे, फोटोवाल्या अण्णाला बोलवा. तो अण्णा म्हणजे मी. जितेपणी फोटोचा सोस कुणाला? त्यामुळं माझी गिऱ्हाइकं सगळी अशी बसलेली, लई शिस्तीची, पापणी हलवायची न्हाईत. अंधाऱ्या सोप्यात कॅमेऱ्याचं झाकण काढायचं, मनात वीसदा शिवशिव म्हणायचं, झाकण लावायचं. फोटो असा स्वच्छ यायचा, की मला वाटायचं, आपण लई मोठे कारागीर.

तर दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचं वरीस असंल, बायकोला, गंगव्वाला, सोलापूर दाखवायला नेलं. तिचा एकच हट्ट. गावातल्या मेलेल्यांचे काढता, माझा कधी? व्हय, चुकलंच की माझं. तिथल्या फोटोच्या दुकानदारानं मला खेडवळ बघून एक परदेशी फिल्म गळ्यात मारली, अण्णा, ह्यात लुगड्याचा रंगसुद्धा उतरतो, फकस्त उजेड लई लागतो हिला. मी म्हणलं, आमाला शिकवू नका.

शुक्रवार पेठेत पोचेस्तवर दिवस कलला, गिरणीचा भोंगा झाला आणि रस्ता माणसांनी भरून वाहायला लागला. गंगव्वाला तांबड्या इरकली लुगड्यात भर रस्त्यात उभं केलं, सुम्म निंद्रु म्हणलं, गप उभी रहा. उजेड कमी, म्हणून सवयीनं वीसदा शिवशिव. माणसं तिच्या दोन्ही अंगांनी चाललेली, एक विणकर तर ओरडला, ए अन्ना, बाईला रस्त्यात पुरलास का काय? मी हसलो. ती हलली न्हाई.

फिल्म धुवायला मुंबईला धाडली, तिथनं ती परदेशी गेली आणि चार महिन्यांनी आली. उजेडाला धरली, आणि काय सांगू तुमाला, रस्ता रिकामा. दुकानं उघडी, तराजू टांगलेला, भिंतीला सायकल, पण माणूस एक न्हाई, नुसता जमिनीलगत धुरासारखा पट्टा. आणि मधोमध गंगव्वा, लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा दिसतोय, माझ्याकडं बघतीय. इतकं स्वच्छ मी एकाच तऱ्हेच्या माणसांना काढलं होतं.

चालतं माणूस एवढ्या वेळात फिल्मवर ठरत न्हाई, ही साधी गोष्ट मला कळायला पाहिजे होती, पण माझं गिऱ्हाईक कधी चाललंच न्हवतं की! कळलं तरी ती फिल्म मी ट्रंकेच्या तळाला दडवली. तिला सांगितलं, फिल्म खराब झाली.

तिनं ती ट्रंकेतनं शोधून काढलीच. लई वेळ बघितली. म्हणली, अवं, सगळी कुटं गेली? मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणली, म्हणजे ती जिती म्हणून दिसत न्हाईत. मग मी?

मी फिल्म तिच्या हातातनं काढून घेतली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

त्या दिवसापास्नं ती गप बसली न्हाई. जेवताना गुडघा हलवायची, झोपेत बोटं. आता म्हातारी झालीय, दिवसभर उंबऱ्यात बसती, आणि गुडघा दमतो तिचा. तो थांबला की मी आतनं खोकतो, भांडं पाडतो, गंगव्वा म्हणून हाक मारतो. ती वैतागती, हाय की, हाय, म्हणती. शिवानं तिचा वैताग असाच ठेवावा, दुसरं काय मागू. परवा मात्र तीन हाका माराव्या लागल्या.