पुसलेला निळा डाग

अख्ख्या रायापुरात माझ्यासारखा ग्राइंडिंगवाला नव्हता. म्हणजे ग्राइंडरच एक होता, आणि तो मी चालवायचो. शेजारी बाबूअण्णाची भट्टी. पत्र्याला भोकं पाडायचे पंच तो लाल तापवून तेलात बुडवायचा, मग तडकू नयेत म्हणून पुन्हा सावकाश शेकायचा. ते इतके कडक व्हायचे की त्यांवर कानस नुसती घसरायची. मी चिडवायचो, "अण्णा, लोखंड शेकतोस की भाकरी?"

शेवटची घासणी माझ्याकडे. एकदा गिऱ्हाईक डोक्यावर बसलं, म्हणून मी पाणी न सोडताच पंच घासले. तोंडं जळून निळी पडली. निळं पडलं म्हणजे वरचा थर मऊ झाला, एवढं मलाही कळतं. मी पॉलिश पेपरनं निळं पुसलं आणि चकाचक माल देऊन टाकला.

आठवड्यात पंच झिजून परत आले. गिऱ्हाईक भट्टीवर जाऊन ओरडलं, "तुझं हार्डनिंगच कच्चं!" मी तिथंच उभा होतो. वर म्हणालो, "अण्णा, भाकरी कच्ची राहिली की!"

हे पार दुर्गदबैलच्या बाजारापर्यंत पसरलं. काम तुटलं, पुढं भट्टीही गेली. अण्णा आता एका गोडाऊनच्या गेटवर बसतो.

परवा चहा पाजून मी त्याला सगळं सांगितलं, नेहमीसारखं हसत.

तो म्हणाला, "गोत्तित्तप्पा, ठाऊक होतं. त्याच दिवशी परत आलेल्या पंचावर कानस मारून बघितली. वर लागली, आत घसरली. तू येऊन सांगशील म्हणून भट्टी दोन वर्षं विकली नाही मी."