रिन्झेचा बोकड

(फ्रीसलंडमधल्या एका खेड्यातलं चर्च, वरचा सज्जा. ऑर्गन दुरुस्त करणारी वित्स्के अर्ध्या उघड्या, नळ्यांच्या भल्यामोठ्या ऑर्गनच्या पोटात शिरलेली, फक्त पाय बाहेर. हिल्ले वादकाच्या बाकावर.)

हिल्ले : तुझ्या त्या दुरुस्तीच्या सल्लागाराला सांग, बोकडाला हात लावलात तर मी रविवारी वाजवायला येणार नाही.

वित्स्के : हिल्लेकाका, आठ महिने झाले, अर्ध्या नळ्या माझ्या कारखान्यात आहेत. वाजवणार काय, बाक?

हिल्ले : तत्त्वाची गोष्ट आहे.

वित्स्के : पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, बोकडाचा सूर लावला की मागच्या कबरींतली माणसं कूस बदलतात?

हिल्ले : म्हणालो. बाप माझा आहे, मी नावं ठेवीन. हा सल्लागार कोण लागून गेला? म्हणे ऑर्गन सतराशे अठ्ठ्याऐंशीचा, त्यानंतरचं सगळं काढा. अगं, सायकली दुरुस्त करणाऱ्या माझ्या बापाने तीन हिवाळे इथे वर कुडकुडत स्वतःच्या हातांनी ही नळ्यांची रांग, हा सूर बनवला.

वित्स्के : आमच्या धंद्यात त्या सुराला ‘माणसाचा आवाज’ म्हणतात.

हिल्ले : बापाला कसली माणसं भेटली होती कोण जाणे. शाळेत पोरं मला बघून बें बें करायची. माझ्या लग्नातही हाच वाजला. सासू पुढे बारा वर्षं तेच सांगत होती.

वित्स्के : खूश व्हा मग. सकाळीच बोलणं झालं. बोकड राहतोय.

हिल्ले : राहतोय? शहाणा निघाला की माणूस. बापाची कदर केली.

वित्स्के : थांबा, येते बाहेर. ही बघा बोकडाची नळी. बुडाशी कोरलेलं अक्षर दिसतंय?

हिल्ले : दिसतंय.

वित्स्के : आणि ही समोरच्या रांगेतली, मूळ कारागिराची. तेच अक्षर, तीच वाकडी शेपटी.

हिल्ले : नक्कल केली असेल.

वित्स्के : तुमच्या वडिलांचं अक्षर वेगळं, आत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. कोंबडीचे पाय. काका, बोकड त्यांनी बनवलेला नाही. तो पहिल्यापासून इथेच आहे. म्हणून राहतोय.

हिल्ले : ...म्हणजे बाप खोटं बोलला.

वित्स्के : नक्की काय म्हणाले होते ते?

हिल्ले : मी आठ वर्षांचा, खालीच बसलो होतो. ईस्टरच्या सकाळी वादकाने या सुराची खुंटी ओढली आणि असा आवाज निघाला की हेर्ब्रिख मावशीच्या घशात पेपरमिंट अडकलं. चर्चच्या पंचांनी विचारलं, रिन्झे, हे तू केलंस? तर म्हणाला, तीन हिवाळे मी वरच होतो.

वित्स्के : हे खोटं नाही.

हिल्ले : खरंही नाही. सत्तर वर्षं मी बोकडाचा पोरगा म्हणून ऐकून घेतलं. फुकट!

वित्स्के : सूर मुका झालेला होता, नळ्यांत उंदरांची घरटी. त्यांनी ती काढली. गावाला वाटलं, नवाच बनवला.

हिल्ले : उंदरांना हाकलायला तीन हिवाळे?

वित्स्के : नाही. या इकडे, नळ्यांना वारा देणाऱ्या भात्यांपाशी. वाका जरा.

हिल्ले : माझे गुडघे या ऑर्गनहून जुने आहेत. ...हे काय चिकटवलंय?

वित्स्के : सायकलची ट्यूब. कातडं जिथे जिथे फाटलं तिथे घासून, कापून, चिकटवलंय. एकशे चौदा ठिगळं. मी दोनदा मोजली.

हिल्ले : देवाच्या घरात पंक्चरं काढली त्याने.

वित्स्के : पंचांना का नाही सांगितलं?

हिल्ले : पंचांना? त्यांनी रबर पवित्र की अपवित्र यावर सहा वर्षं बैठका घेतल्या असत्या. त्यातली तीन प्रार्थनेत. तोवर भाते मेले असते. ...ही ठिगळं राहतील ना?

वित्स्के : नाही हो. रबराने खालचं कातडं खाल्लंय. मेंढीचं नवं लावायचंय.

हिल्ले : म्हणजे जे राहतंय ते त्याचं नाही, आणि जे त्याचं आहे ते कचऱ्यात. मला वाईट वाटतंय, वित्स्के. या वयात, मूर्खासारखं.

वित्स्के : बसा. अहवालात एक रकाना असतो, आधीची दुरुस्ती कोणी केली. बहुतेक वेळा मी ‘माहीत नाही’ लिहिते. पूर्ण नाव सांगा.

हिल्ले : रिन्झे हिल्लेस तेर्पस्त्रा.

वित्स्के : धंदा?

हिल्ले : सायकलवाला. आणि ते ‘ऑर्गन बनवणारा’ वगैरे काही घुसडू नकोस.

वित्स्के : पुढे, काम कसं होतं. हे खरं तर मी ठरवायचं. पण शेहेचाळीस वर्षं या भात्यांवर वाजवलंय तुम्ही.

हिल्ले : लोक काय लिहितात?

वित्स्के : उत्तम, बरं, वाईट.

हिल्ले : उत्तम नको. तो स्वतः कशालाच उत्तम म्हणायचा नाही, आईच्या सूपलासुद्धा.

वित्स्के : मग काय लिहू?

हिल्ले : लिही, वारा गळत नव्हता.