वांग्याच्या राखनीले मेंढ्यातलं कुत्रं

माहं माहेर देऊळघाटचं अन् सासर इकडं सुलतानपूरच्या अंगाले, महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालीच माहं लगन झालं, अन् बापानं लगनात मले दोन बकऱ्या देल्या. एक चंद्री, एक तिची पोर. त्या बकऱ्या ध्यानात ठेवा ताई, सारं त्याइच्यावरच हाये.

आमचं वांग्याचं वावर. दिवस मावळला का रानडुकरं येत अन् तासच्या तास, वांग्याच्या ओळीच्या ओळी, उलथून जात. तं आमच्या याइनं, माह्या मालकानं, काय केलं, वावरात धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या खतासाठी, त्याइच्याकडून वर्षाचं कुत्रं मांगून आनलं, भुऱ्या. धनगरीन मले तवाच म्हनली होती, बाई, याचे डोळे कोकराइत उघडले, आमी याले कोकराइसंगंच बांधत होतो, हे मेंढ्याचं हाये, वावराचं नाई. मी घरी येऊन सांगितलं. कोन आयकते.

कारन घरी भासरे. भासरे म्हंजे आमच्या याइचे थोरले भाऊ. ते बुलढान्याले एका सायबाच्या बंगल्यावर शिपाई होते, सायबाचं लांडग्यावानी विलायती कुत्रं फिरवत, तथून इंग्रजीतलं सीट म्हंजे बस अन् कम म्हंजे ये शिकून आले. ते म्हनत, कुत्रं म्हंजे कुत्रं, सायबाचं काय अन् धनगराचं काय, विद्या एकच. रोज सकाळी भुऱ्याले वांग्याच्या मधात खुटीले बांधत, एका हातात भाकर, एका हातात काडी, अन् सीट. भुऱ्या त्याइच्याकडं पाहे बी नाई. घराकडं पाहे, माह्या बकऱ्या बांधल्या तिकडं. सोडला का येऊन चंद्रीच्या पोटाले पोट लावून बसे. मले रोज दिसे, ताई, रोज. सांगू कोनाले.

आमच्यात भासऱ्यासमोर बोलत नाई ना. डोक्यावर पदर अन् तोंड बंद. मंग मी चंद्रीलेच म्हनलं, भासऱ्याइले आयकू जाईल असं, काऊन वं चंद्रे, तुले तं माहीत हाये ना कुत्रं कोनाचं आयकते ते. तं भासरे याइले म्हनतात कसे, काऊन बे लहान्या, बकरीले सांग, तू आपला चारा खाय, मधात बोलू नको, सायबाचं कुत्रंबी असंच शिकलं. आमचे हे हासले. मले एवढा राग आला का भाकर करपली त्या दिवशी.

मंग डुकराइनं आनखी दोन तासं खाल्ली. भासरे म्हनले, हे कुत्रं बेकार, परवा बाजाराले खाचरात, बैलगाडीत, टाकून लोनारले सोडून येतो. तितलं लेकरू, ताई, कोन्या खाटकाच्या दारात पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कोनाले विचारलंच नाई. दोन्ही बकऱ्या नेल्या अन् वावराच्या धुऱ्यावर, कडंच्या बांधावर, बांधल्या, एक या टोकाले, एक त्या टोकाले. भुऱ्या बिनादोरीचा मांगं आला. दिवस मावळताना डुकरं आली, चंद्री वरडली, अन् जे कुत्रं भाकरीसाठी उठत नोतं ते असं सुटलं का डुकरं पार नाल्यापलीकडं. सकाळी एक वांगं हाललं नोतं. बाजाराचा दिवस आला अन् गेला, खाचर रिकामंच लोनारले गेलं.

मले वाटलं आता तरी समजंल. भासरे पारावर जाऊन सांगतात, पाह्यलं काय, महिनाभर सीट शिकवलं त्याचं फळ हाये. झालं. लोक आपापले कुत्रे घेऊन दारात. एकानं शिकारी कुत्री आनली, कंबर मुठीत मावंल अशी, सशामांगं पळायची नुसती. तिलेबी तीच खुटी, तीच काडी, तेच सीट. तिसऱ्या दिवशी ससा दिसला तं खुटी उपटून गेली ते गेलीच. भासरे म्हनले, नसलच खराब. आता घ्या. शिकलं तवा नसल नोती, पळालं तवा नसल आली. हे मले त्याइच्या तोंडावर म्हनायचं होतं, अजून म्हनायचं हाये.

परवा तं म्हनतात, वावरात बकऱ्या कायले, शेंडे खातात, घरी आना. मी याइच्याकडून निरोप देला का लेंड्याइचं खत वांग्याले लागते. लेंड्याइचं पटलं, ताई. कुत्र्याचं नाई पटत.

आताबी रोज सकाळी भासरे धुऱ्यावर उभे राह्यतात, सीट म्हनतात. भुऱ्या चंद्रीकडं पाह्यते. चंद्रीचं पोट भरलं का ते रवंथ कराले बसते, चंद्री बसली का भुऱ्या बसते, अन् भासरे त्याच्या पाठीवर थाप मारतात. मी पदर दातात धरून पाहून राह्यली. असू द्या. कुत्रं राह्यलं, बकऱ्या राह्यल्या, भासऱ्याइलेबी देव सुखी ठेवो. तुमी लिहून राह्यल्या तं माहं नाव नका लिहू, भासरे वाचतात. भुऱ्याले कोनं शिकवलं तथी चंद्रीचं नाव लिवा.