दाढेसाठी धरलेली जागा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. चार वर्षांची नात आत खुर्चीवर होती.

"दुधाचीच दाढ ना गं? काढली तर काढली. दुसरी येईल."

"ती दहाव्या वर्षी येणार, आई. तोवर शेजारच्या दाढा त्या जागेत सरकतात. मग ती वाकडीतिकडी येते, नाहीतर आतच अडकते."

"अगंबाई! मग?"

"तार बसवणार आहेत, जागा धरून ठेवायला."

"बसमध्ये रुमाल टाकतात तशी?"

"तशीच."

"सहा वर्षं? एवढी किडलीच कशी पण?"

"झोपताना दुधाची बाटली तोंडात राहिली की किडते म्हणे. पण मी तर बाटली केव्हाच बंद केली... आई, काय झालं?"

"तू कामावर गेलीस की दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही गं तिचा. मीच देते बाटली. साखर घालून."

"रोज?"

"रोज."

तेवढ्यात आतलं दार उघडून नर्स बाहेर आली.

"मुलीला झोपताना बाटली कोण देतं? डॉक्टर आत बोलवतायत. चांगलेच चिडलेत."

"मी देते," सून उठत म्हणाली. "आई, तुम्ही बसा."